एकशे वीस फुटांचं खोरं

मावशीने ते काम घेतलं तेव्हा मला वाटलं, ती विसरली असेल. पन्नास वर्षं काही थोडी नाहीत, आणि धरणाला पन्नास वर्षं झाली म्हणूनच ते काम निघालं होतं. जलखात्याच्या नव्या कचेरीसमोर, टेकडीची माती घसरू नये म्हणून बांधलेली एक भिंत होती. एकशे वीस फूट लांब, नऊ फूट उंच. तिच्यावर फुटक्या टाइल्सचं मोठं चित्र करायचं होतं. खात्याच्या चित्रकाराने कागदावर नमुना काढून दिला होता. मधोमध धरण, मागे निळं पाणी, पाण्यात शिडाची होडी, वर सूर्य आणि चार पांढरी कबुतरं.

मावशीने कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "कबुतरं छान आहेत," ती म्हणाली आणि सही केली.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. एकसष्ट वर्षांची, अंगाने चिपाड, गुडघे कामातून गेलेले, पण हात असे की फरशीचा तुकडा पकडीत धरला की एक घाव दोन तुकडे, आणि दोन्ही तुकडे तिला हवे तसेच. चाळीस वर्षं तिने लोकांच्या मोऱ्या, ओटे आणि जिने केले. उरलेल्या फुटक्या टाइल्सची चित्रं करायचं खूळ मागाहून आलं. एका शाळेच्या भिंतीवर तिने मासे केले, दवाखान्यात एक झाड केलं, आणि तिचं नाव झालं. मी तिच्या हाताखाली पंधरा वर्षं आहे. चुना-सिमेंट कालवणं, सांधे भरणं, आणि तिचा शब्द कुठे फार लांब गेला तर मागे खेचणं, ही माझी कामं. तिसरं काम सगळ्यात अवघड.

धरणात बुडालेल्या खोऱ्यात मावशी आणि आई वाढल्या होत्या. पाणी आलं तेव्हा मावशी अकरा वर्षांची होती, आई चौदाची. एवढंच मला माहीत होतं. आई कधी बोलली नाही. नळ उघडला की ती क्षणभर थांबायची, मग बादली लावायची. ती गेली तेव्हाही विषय बंदच होता. मावशीचंही तसंच. म्हणून मला वाटलं, विसरली असेल.

भिंतीपुढे परांची उभी राहिली. धूळ उडू नये म्हणून वरून खालपर्यंत हिरवं कापड बांधलं. कापडाआड आम्ही दोघीच. मावशीने पहिल्या दिवशी खडू घेतला आणि भिंतीच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडे, एक वाकडीतिकडी रेघ ओढत नेली. पुढचे आठ दिवस त्या रेघेवर ती मोत्यासारख्या पांढऱ्या टाइल्सचे बोटभर तुकडे बसवत राहिली.

"मावशी, हे काय आहे?"

"नदी."

"नमुन्यात नदी नाही."

"नमुन्यात वरचं पाणी आहे," ती म्हणाली. "खालचं राहून गेलंय."

मला वाटलं, असेल काही कलाकारी. पण तिसऱ्या आठवड्यात नदीला घाट फुटला, घाटाला पायवाट फुटली, पायवाटेवर विहीर आली आणि विहिरीपलीकडे कुंडीच्या लाल खापऱ्यांचं पहिलं छप्पर आलं. तेव्हा मला उमगलं. मी थापी खाली ठेवली.

"तू गाव करते आहेस."

"एक नाही, तीन. एका नदीवर तीन गावं होती. आपलं मधलं."

"खात्याने धरण सांगितलंय!"

"धरण सगळ्या जगाने बघितलंय. पोस्टाच्या तिकिटावर आहे, कॅलेंडरवर आहे, शाळेच्या पुस्तकात आहे. याला कोणी बघितलंय?" तिने मानेनेच भिंत दाखवली. "तुझ्या आईने तुला कधी दाखवलं?"

मावशी एक फूट पुढे सरकली, ओळंबा सोडून पाहिला आणि एका दाराची चौकट बसवली, गडद हिरवी, कपाच्या कानाएवढ्या तुकड्यांची. "हे आपलं दार. उंबरठा उजवीकडे झिजला होता, म्हणून तुकडा तिरका लावलाय. तुझी आई इथे बसून तुती खायची आणि जांभळं तोंड घेऊन म्हणायची, मी नाही खाल्ली." एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं. "आता सांग, हे काढू?"

मी सिमेंट कालवायला घेतलं. दुसरं काय करणार?

पण अकरा वर्षांच्या मुलीला किती आठवणार? आपल्या आळीतली घरं तिने डोळे मिटून केली, नदीपलीकडे मात्र तिची गाडी अडली. म्हणून एका रविवारी ती मला घेऊन वसाहतीत गेली. बुडालेल्या तीन गावांना शहराबाहेर जी वसाहत मिळाली होती, तिथे एकसारख्या खोल्यांच्या चार रांगा होत्या आणि प्रत्येक खोलीला घराच्या जागी क्रमांक होता. मावशी कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "मला पलीकडचं नीट आठवत नाही. कोणाचं काय कुठे होतं ते सांगा."

गुरांवर जन्म काढलेली एक ऐंशी वर्षांची म्हातारी, जिला सगळे गोठेवाली म्हणायचे, काठी आपटत पुढे आली. "माझा गोठा विसरलीस तर बघ. सात गाई होत्या. दार पूर्वेला."

मग धरणाचं दार उघडावं तसं झालं. जो तो बोलायला लागला. पुढच्या आठवड्यापासून लोक एक एक करून कापडाआड यायला लागले. कोणी कप आणला, कोणी ताटली, कोणी लग्नातला निळ्या काठाचा वाडगा. "हा फोडून आमच्या ओसरीला लाव." मावशी त्यांच्यासमोर तो हातोडीने फोडायची, आणि नेमका हवा तो तुकडा त्यांच्याच हाताने बसवून घ्यायची.

दोन म्हातारे तर भिंतीसमोरच हमरीतुमरीवर आले. शेजारी-शेजारी शेतं होती त्यांची. एकाचं म्हणणं, बांध अंजिराच्या झाडाच्या अलीकडून जात होता. दुसऱ्याचं म्हणणं, पलीकडून.

"अहो, त्या बांधावर साठ हात पाणी आहे!" मी म्हणाले.

"असू दे! पाणी काय कायमचं आहे?" एकाने मला झापलं.

शेवटी मावशीने अंजिराचं झाडच बांधावर ठेवलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. दोघेही तिच्यावर रागावून गेले आणि दुसऱ्या दिवशी दोघेही आपापली फांदी बघायला आले.

एवढ्या सगळ्या चित्रात माणूस मात्र एकही नव्हता. मी कारण विचारलं. "माणसं बाहेर निघाली ना," मावशी म्हणाली. "आत राहिलं ते एवढंच."

चौथ्या महिन्यात, धरणाच्या पन्नाशीच्या समारंभाला बारा दिवस असताना, साहेब पाहणीला आले. जलखात्याचे मुख्य साहेब. माणूस वाईट नव्हता. रोज सकाळी गाडीतून उतरताना ते आम्हाला 'चहा झाला का' म्हणून विचारायचे. त्यांनी कापड बाजूला केलं, आत आले, आणि जलखात्याच्या त्या साहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बाई, धरण कुठे आहे?"

"केलं नाही."

"आणि पाणी?"

"पाणी तुम्ही आणलंत, साहेब. तुम्हीच लावा."

साहेबांचे कान लाल झाले. ते परांचीच्या बांबूला धरून उभे राहिले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, माझ्यावर आवाज चढवायची वेळ आणू नका. या धरणावर दहा लाख लोक पाणी पितात. तुमच्या घरच्या नळाला तेच येतं. त्यात चूक काय झाली?"

"प्यावं की. मीही पिते. कोणी नको म्हटलंय?" मावशी परांचीवरून उतरली, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाली. "पण कोणाच्या अंगणावरून आलंय ते एकदा बघून प्यावं. एवढंच म्हणणं आहे."

"मंत्री येणार आहेत. उद्यापासून इथे निळ्या टाइल्स लागतील. वरचे चार फूट तसेच ठेवू, खाली पाणी, कोपऱ्यात धरण. तुम्ही लावता की दुसरा माणूस बघू?"

"दुसरा बघा," मावशी म्हणाली.

घरी जाताना मी तिला खूप बोलले. म्हटलं, वरची झाडं तरी राहतायत, डोंगर राहतोय. थोडं नमतं घे. पाण्यात राहून माशाशी वैर नको. ती रस्त्यात थांबली. "अगं, पाण्यात मी कुठे राहते? मला तर त्यांनी पाण्यातून बाहेर काढलं." मग तिच्या ओठाचा कोपरा हलला, आणि मला हसू आवरेना. भीती मात्र गेली नव्हती. रात्रभर नव्हे, चांगले दोन दिवस पुरली ती मला.

तिसऱ्या दिवशी सकाळी निळ्या टाइल्सच्या पेट्या भरून टेम्पो आला, आणि त्यातून बारक्या उतरला. बारक्या हे नाव तो मावशीकडे शिकायला आला तेव्हाचं. आता तो शहरातला मोठा टाइल-ठेकेदार होता आणि वजनाचं म्हणाल तर टेम्पो एका बाजूला कलला होता. बरोबर चार कारागीर. मावशी भिंतीपुढे स्टुलावर बसली होती. वसाहतीतले पंधरा-वीस लोकही आले होते, कोणी बोलावलं नसताना.

बारक्याने आधी तिला वाकून नमस्कार केला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मावशी, माझ्यावर रागावू नका. मी नाही लावलं तर दुसरा कोणी येणारच आहे."

"मी कुठे रागावले? लाव की." मावशीने बाजूची छिन्नी उचलून त्याच्यापुढे धरली. "पण फरशीवर फरशी नुसती बसत नाही. काय शिकवलं होतं मी?"

"टाचे मारायचे. छिन्नीने खाचा पाडायच्या."

"कशाला?"

"खालचं गुळगुळीत असलं की वरचं धरत नाही. महिन्याभरात सुटून पडतं."

"शाबास. मग टाचे मार. कोणत्या घरापासून सुरुवात करतोस ते सांग. तिथे कोण राहत होतं ते मी सांगते."

बारक्याने छिन्नी घेतली. भिंतीशी गेला, एका घरावर टोक ठेवलं. "ते माझं," मागून कोणीतरी म्हणालं. तो दोन पावलं सरकला. "तो माझा गोठा आहे रे," गोठेवाली म्हणाली. "सात गाई आहेत आत, जपून." तो आणखी सरकला. अंजिराच्या झाडाशी पोचला तेव्हा दोन्ही म्हातारे एकदम उठले, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. "हात लावायचा नाही!"

मग बारक्या नदीकडे वळला. नदी कोणाचीच नव्हती. त्याने टोक पांढऱ्या तुकड्यांवर ठेवलं, हातोडी उचलली. मी बघत होते की त्याचा अंगठा त्या तुकड्यांच्या सांध्यांवरून फिरतोय. किती बारीक काम आहे ते त्या गर्दीत त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? हातोडी तशीच वर राहिली.

"मावशी, हे सांधे तुम्ही कशाने भरले?"

"हिने भरले. काडेपेटीच्या काडीने." तिने माझ्याकडे बोट केलं.

बारक्याने हातोडी खाली घेतली, छिन्नी तिच्या मांडीवर ठेवली आणि आपल्या माणसांना म्हणाला, "पेट्या गाडीत भरा." टेम्पोत चढताना त्याने फोन लावला. त्या दिवशी शहरातल्या झाडून सगळ्या टाइल कारागिरांना त्याचा निरोप गेला. पुढचे चार दिवस साहेबांनी माणूस शोधला, पण एकही मिळाला नाही. कोणाची कंबर दुखत होती, कोणाची मेव्हणी आजारी होती, एक तर म्हणाला की त्याला निळा रंग दिसतच नाही.

शेवटी साहेबांनी मधला मार्ग काढला. परांची काढली, कापड मात्र वरून दोऱ्या घेऊन खालच्या खुंट्यांना बांधून ठेवलं. समारंभ कचेरीच्या पायऱ्यांवर घ्यायचा, लोकांची पाठ भिंतीकडे ठेवायची, आणि मंत्री गेल्यावर पुढचं बघायचं. मावशीला लेखी ताकीद मिळाली की कापडाला हात लावायचा नाही. तिने ती वाचली, घडी घातली आणि हलणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली. स्टूल हलायचं थांबलं.

समारंभाच्या सकाळी मंडप भरला. वसाहतीतल्या तीनशे लोकांना आमंत्रण होतं, पुढच्या रांगांत, प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्च्यांवर. प्रत्येकाच्या छातीवर पास, पासावर छापलं होतं 'लाभार्थी'. व्यासपीठामागे धरणाचा वीस फुटी फोटो. मंत्र्यांचं भाषण सुरू झालं. त्याग, विकास, पुढची पिढी. मावशी आणि मी मागे, भिंतीपाशी, उभ्या होतो.

भाषण मध्यावर आलं तेव्हा मावशी भिंतीच्या डाव्या टोकाला गेली आणि कापडाची पहिली गाठ सोडायला लागली.

एक शिपाई धावत आला. "बाई, कार्यक्रम चालू आहे!"

"माझाही चालू आहे," ती म्हणाली.

गाठी सोळा होत्या. तिच्या बोटांना संधिवात, आणि शिपाई तिचा दंड धरू की नको या विचारात. एका माणसाला एवढ्या गाठी सोडणं शक्यच नव्हतं. पंधरा वर्षं मी तिला मागे खेचत आले होते, तेच माझं काम होतं. पण त्या हिरव्या दाराचा तिरका उंबरठा कापडाखाली होता, आणि तिथे माझी आई बसायची. मी उजव्या टोकाला गेले आणि तिकडून गाठी सोडायला लागले.

कापड मधोमध एकदम सुटलं आणि सळसळत खाली आलं.

त्या आवाजाने गोठेवालीने मान वळवली. ती उठली. मला वाटलं, भिंतीकडे येईल. तिने तसं केलं नाही. तिने आपली खुर्ची दोन्ही हातांनी धरली, फरशीवर खरखर आवाज करत उलटी फिरवली, आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा बसली, काठी मांडीवर आडवी ठेवून. तिच्या शेजारच्याने खुर्ची फिरवली. मग त्याच्या शेजारच्याने. रांगेमागून रांग, तीनशे खुर्च्यांची अशी खरखर, की माईकवरचा आवाज कोणाला ऐकू येईना. कोणी घोषणा दिली नाही, कोणी मूठ उगारली नाही. सगळे नुसते बसले आणि बघत राहिले. सकाळचं ऊन भिंतीवर आडवं पडलं होतं आणि नदी तळापासून चमकत होती. मागे कोणाचं तरी नातवंड विचारत होतं, "आपलं कोणतं?" आणि कोणीतरी बोट दाखवून सांगत होतं.

मंत्र्यांनी तीनशे पाठींसमोर आणखी चार वाक्यं म्हटली. मग ते खाली उतरून भिंतीपाशी आले, बरोबर फोटो काढणारे. हसतमुखाने त्यांनी विचारलं, "वा! सुंदर! पण यात आपलं धरण कुठे आहे?"

गोठेवालीने खुर्चीतूनच काठी उचलून व्यासपीठाकडे दाखवली. "तुम्ही आत्ता उभे होतात ना, तिथे."

मंत्र्यांचं हसू तसंच राहिलं, पण गाडी पाच मिनिटांत निघून गेली.

नंतर व्हायचं ते झालं. मावशीला खुलाशाची नोटीस आली, नमुन्याप्रमाणे काम का केलं नाही म्हणून. तिने मला उत्तर लिहायला सांगितलं आणि एकच वाक्य सांगितलं: "नमुन्यात पाण्याखालचा भाग राहून गेला होता, तो पूर्ण केला आहे." खात्याने तिचं नाव काळ्या यादीत घातलं. सरकारी काम तिला पुन्हा मिळणार नाही. त्या आठवड्यात आम्ही एका न्हाव्याच्या दुकानाची फरशी करत होतो आणि मावशी नेहमीसारखीच उतार तपासत होती.

भिंत फोडायचं मात्र कोणाला जमलं नाही. फोटो सगळीकडे छापून आले होते. लोक दूरदूरहून यायला लागले. वसाहतीतल्या म्हाताऱ्यांनी आपापसात पाळ्या लावल्या, येणाऱ्याला घरं दाखवायला. बांधावरून भांडणाऱ्या त्या दोघांना मुद्दाम वेगवेगळे वार दिले, नाहीतर पाहुण्यांना अंजिराच्या पुढचं काही कळायचंच नाही.

दोन महिन्यांनी खात्याने भिंतीवर, अगदी उजव्या कोपऱ्यात, एक लोखंडी पाटी ठोकली. 'या भिंतीवरील चित्राशी खात्याचा कोणताही संबंध नाही. आदेशावरून.'

मी भडकले. मावशी मात्र पाटीसमोर उभी राहून दोनदा वाचत होती. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

"बरं झालं, लिहून दिलं," ती म्हणाली. "आता खात्यातून कोणी हे चित्र मागायला येणार नाही. सिमेंट कालव."

त्या दुपारी भर रस्त्यात, कचेरीच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं बघत असताना, तिने पाटीच्या चारी बाजूंनी लाल आणि पिवळ्या तुकड्यांची सुरेख किनार बसवली, अक्षरं उठून दिसावीत म्हणून. साहेब खिडकीत होते. त्यांनी कोणाला पाठवलं नाही. मी सांधे भरले, ओल्या फडक्याने पुसून घेतले, आणि मावशी मागे सरकून, मान तिरकी करून म्हणाली, "किनारीची खालची ओळ एक सूत वाकडी आहे. उद्या येऊन सरळ करू."